इस्राएलवरून भांडण झालं तरी मिन्यान मोडू नये म्हणून काय करायचं

मिन्यान म्हणजे दहा माणसं. आपल्याकडे सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, नऊ असले की कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठी म्हणायची प्रार्थना, होत नाही, सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, काढून वाचता येत नाही, मग ज्याच्या वडिलांची पुण्यतिथी असते तो बिचारा जिन्यात उभा राहून फोन लावत बसतो, अरे कोणी आहे का जवळपास, दहा मिनिटं ये. १९४८ च्या सुमाराला आपण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, भारतात वीस हजारांच्या आसपास होतो, आता भारतातले सगळे ज्यू धरले तरी चार-पाच हजार. हे आधी सांगतोय कारण इस्राएलवरून होणाऱ्या वादाबद्दल बोलायला बसलं की सगळे लगेच कोण बरोबर कोण चूक यावर येतात, आणि मला वाटतं सुरुवात या आकड्यापासून करावी. न्यूयॉर्कमध्ये एखाद्याला आपल्या सिनेगॉगमधलं, म्हणजे प्रार्थनामंदिरातलं, पटलं नाही तर तो दोन गल्ल्या सोडून दुसऱ्यात जातो. आपल्याकडे रुसलेला माणूस जाणार कुठे, तो घरी बसतो, आणि आपण नऊ होतो.

माझ्यासमोर हे झालंय. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, हमासने इस्राएलवर केलेल्या ७ ऑक्टोबरच्या हल्ल्याला महिना झाला होता, शब्बाथची, म्हणजे शनिवारची, प्रार्थना संपली, किद्दूशचं, म्हणजे आशीर्वाद म्हणून वाटायचं, मनुकांचं सरबत वाटून होत होतं आणि साठीतल्या दोघांची जुंपली. एकाचं म्हणणं ओलिसांसाठी प्रार्थना झाली तशी गाझात मेलेल्या लेकरांसाठीही दोन शब्द बोलायला हवे होते. दुसऱ्याचा भाचा तिकडे इस्राएलच्या सैन्यात रिझर्व्हमध्ये बोलावलेला, तीन दिवस फोन नाही, तो एकदम उसळला, म्हणाला तुला एवढा पुळका असेल तर तू इथे येतोस कशाला. पहिला टोपी काढून निघून गेला तो चार महिने आला नाही. त्या चार महिन्यांत तीन वेळा आम्ही नऊ होतो. मी कमिटीवर होतो, तिथेच उभा होतो, हातात ग्लास होता, आणि मी काहीच बोललो नाही. त्यानंतर जे शिकलो ते खाली लिहितोय. सिनेगॉग कुठलं ते महत्त्वाचं नाही, आपल्या प्रत्येक ठिकाणी हे थोड्याफार फरकाने झालेलं आहे.

पहिली गोष्ट, मत विचारायच्या आधी माणूस विचारा. "तुमचं तिकडे कोण आहे?" एवढंच. आपल्यात असं घर सापडणं कठीण आहे ज्याचं इस्राएलमधल्या अश्दोद, लोद, रामले, दिमोना, बेअरशेबा यांपैकी कुठेच कोणी नाही. कोणाची बहीण आहे, जी सायरन वाजला की नातवाला उचलून घरातल्या सुरक्षित खोलीत पळते आणि तिथून व्हिडिओ कॉल लावते, मागे दार बंद झाल्याचा आवाज येतो. कोणाचा मुलगा तिकडे मिलिटरीत आहे, तिथे ती सक्तीची आहे. पण उलटंही विचारा, इथे कोण आहे. एकाचं चाळीस वर्षं मुस्लिम शेजाऱ्यांबरोबर एकाच मजल्यावर आयुष्य गेलं, बायकोच्या ऑपरेशनला रक्त त्यांनी दिलं, आणि आता तेच शेजारी टीव्हीवर गाझाची चित्रं बघून जिन्यात नजर चुकवतात. याचं दुखणं त्या बहिणीच्या भावापेक्षा कमी नाही. माझा अनुभव असा की निम्मी भांडणं मताची नसतातच, ती भीतीची असतात, आणि समोरच्याची भीती कळली की आवाज आपोआप खाली येतो. सगळ्यांचा येतो असं नाही, पण बऱ्याच जणांचा येतो.

म्हणून कमिटीतल्या एका माणसाने ही यादी डोक्यात ठेवावी, कागदावर नको. लढाई सुरू झाली, काही मोठं घडलं, की त्या दिवशी संध्याकाळी पाच-सहा फोन करायचे. सगळे ठीक आहेत ना. बस, त्यापुढे चर्चा नाही.

दुसरं, प्रार्थना आणि राज्य यांची गल्लत होते ती सोडवून ठेवा, आणि हे शांततेच्या दिवसांत करा, भांडणाच्या दिवशी नाही. आपलं हेखाल, म्हणजे तोरा ठेवायचं कपाट, पश्चिमेला असतं कारण इथून यरुशालेम पश्चिमेला. पेसाहला, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाला, आपण म्हणतो पुढच्या वर्षी यरुशालेममध्ये. आपल्या नावातच इस्राएल आहे, पण ते नाव इस्राएल देश होण्याच्या कितीतरी आधीचं, ते याकोबाचं नाव आहे, आपण बेने इस्राएल म्हणजे त्याची लेकरं. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची जी गोष्ट आपण सांगतो, त्या लोकांनी तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनिवार तेली झाले, त्यांच्यासाठी यरुशालेम होतं पण पासपोर्ट नव्हता. सरकार, पंतप्रधान, निवडणूक, सैन्य हे १९४८ नंतरचं. तरुण मुलांना हे कोणी नीट सांगितलेलं नसतं, त्यामुळे एखादी मुलगी तिथल्या सरकारवर टीका करते तेव्हा आजीला वाटतं ही सियोनच, म्हणजे पवित्र यरुशालेमच, नाकारतेय, आणि आजी सियोनसाठी डोळे पुसते तेव्हा मुलीला वाटतं ही बॉम्बला पाठिंबा देतेय. दोघी वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत असतात. हे दोन वाक्यांत सांगणारा माणूस प्रत्येक घरात पाहिजे.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वर्षातून एक संध्याकाळ ठेवा आणि आपल्याच समाजातले जुने मतभेद मोठ्याने सांगा. लोकांना वाटतं पूर्वी सगळे एकमताचे होते आणि आता मोबाईल आल्यापासून बिघडलं. अजिबात नाही. १८९७ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलला पहिली झायोनिस्ट काँग्रेस, म्हणजे ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये स्वतःचं घर हवं म्हणणाऱ्यांची परिषद, भरली तिचं आमंत्रण मुंबईच्या बेने इस्राएलांना आलं होतं आणि आपल्या पुढाऱ्यांनी ते नाकारलं, भूमिका अशी की परत न्यायचं असेल तेव्हा देवाचा हात नेईल, माणसांनी घाई करू नये. म्हणजे जो आज म्हणतो मला तिकडच्या राजकारणात पडायचं नाही तो काही नवीन फॅशन करत नाहीये, त्याच्या पणजोबांची तीच लाईन होती. मग १९२० ला मुंबईत झायोनिस्ट असोसिएशनही निघाली. त्याच्या थोडं आधी पहिल्या महायुद्धाच्या शेवटी समाजात बेने इस्राएल कॉन्फरन्स एकीकडे आणि ऑल इंडिया इस्राएलाइट लीग दुसरीकडे अशी फूट होतीच, भारताच्या राजकारणात किती उतरायचं यावरून.

मग गांधीजी. २६ नोव्हेंबर १९३८ च्या हरिजनमध्ये त्यांनी लिहिलं की इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाईन अरबांचं, आणि जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी यरुशालेमहून त्यांना लांब पत्र लिहून उत्तर दिलं, ते आदराने लिहिलेलं पण अजिबात न झुकणारं पत्र आहे. आता यात आपलं काय, तर गांधीजींवर उपचार करणारे डॉक्टर अब्राहम एरुलकर आपल्यातले. त्यांना त्या लेखाबद्दल काय वाटलं असेल याचा मी नेहमी विचार करतो. ज्या माणसाची नाडी बघायची त्याचं एवढ्या मोठ्या प्रश्नावरचं मत असं. हा प्रसंग मुलांसमोर ठेवा आणि विचारा तुम्ही काय केलं असतं, उत्तर सांगू नका, त्यांनाच बोलू द्या. अर्धा तास सहज जातो आणि कोणी कोणावर ओरडत नाही कारण विषय आजचा नसतो.

आणि त्या संध्याकाळी तिकडे गेलेल्यांची गोष्ट गाळू नका, गोड करून तर अजिबात सांगू नका. १९५१ ला बेअरशेबाला गेलेले आपले लोक वाईट वागणुकीला आणि रंगावरून मिळणाऱ्या टोमण्यांना कंटाळून तेल अवीवमध्ये धरणं धरून बसले, आम्हाला परत पाठवा म्हणून, आणि १९५२ मध्ये शंभराहून जास्त लोक खरोखर भारतात परत आले. नंतर त्यातले बहुतेक पुन्हा तिकडेच गेले. मग १९६२ ला तिथल्या मुख्य रब्बीनेटने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च कचेरीने, फर्मान काढलं की बेने इस्राएल माणूस समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न करत असेल तर त्याच्या आई-आजीचं मूळ तपासा. म्हणजे ज्या मातीसाठी अठराशे-दोन हजार वर्षं पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलो तिथे पोचल्यावर विचारलं तुम्ही ज्यू नक्की का. आपले लोक बायकापोरांसकट यरुशालेममध्ये रस्त्यावर बसले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, सांगितलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, त्यानंतर रब्बीनेटला फर्मानातलं आपलं नाव काढावं लागलं. हे सांगितलं की एक फार मोठी गोष्ट खोलीत आपोआप येते. त्या देशावर जीव असणं आणि त्या देशाच्या अधिकाऱ्यांविरुद्ध फुटपाथवर बसणं, दोन्ही त्याच माणसांनी एकाच आठवड्यात केलं. मग कोणी टीका केली म्हणून तो आपला नाही असं म्हणायला तोंड उघडत नाही.

आता व्यवहाराचं. प्रार्थनेच्या वेळेत आणि किद्दूश संपेपर्यंत तिकडच्या राजकारणावर बोलायचं नाही, हा नियम आम्ही केला आणि तो सगळ्यांना लागू, पाहुण्यांनाही. ज्यांना बोलायचंय त्यांच्यासाठी नंतर वेगळी वेळ आणि जमलं तर वेगळी खोली. बोलू नका असं सांगून भागत नाही, वाफ कुठूनतरी निघणारच. प्रार्थनेत नक्की कोणाची नावं घ्यायची, ओलीस, सैनिक, सगळे निरपराध मेलेले, हे हझान साहेबांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांनी, उभं राहिल्यावर मनाने ठरवायचं नाही आणि मागच्या बाकावरून ओरडून तर नाहीच, आधी कमिटीत बसून शब्द लिहून काढायचे. आमच्याकडे एका वाक्यावर दोन बैठका गेल्या. शेवटी जे ठरलं त्यात कोणालाच पूर्ण समाधान नव्हतं पण सगळ्यांना आमेन म्हणता येत होतं, आणि मला तेवढं पुरेसं वाटतं.

पैशाचे डबे वेगळे ठेवा. छताच्या दुरुस्तीचा एक, इथल्या गरजू घरांचा एक, आणि तिकडे पाठवायचं असेल तर त्याचा पूर्ण वेगळा, आणि पाठवायचं म्हटलं की परदेशात पैसे पाठवायचे कायदे असतात ते आधी सीएला विचारा. एकाच डब्यातून सगळं केलं की दुरुस्तीला पैसे देणारा माणूस हात आखडतो, त्याला वाटतं माझ्या पैशाचं काय होतंय. तिकडच्या स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम करायचा तर करा, पण प्रार्थनेला जोडून नको, ज्याला यायचं तो येईल, आणि जो आला नाही त्याची पुढच्या शब्बाथला चौकशी नको.

पत्रकारांचं एक आहे. तिकडे काही झालं की टीव्हीवाले भायखळ्याला, मशीद बंदरला, पुण्यात लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या सिनेगॉगच्या, गेटवर येतात आणि जो पहिला दिसेल त्याच्या तोंडासमोर माईक धरतात. तो बिचारा काहीतरी बोलतो आणि ते "ज्यू समाजाची भूमिका" म्हणून चालतं. सिनेगॉगच्या नावाने कुठल्याही सरकारच्या बाजूने किंवा विरुद्ध पत्रक काढू नये असं माझं ठाम मत आहे, दोन्ही बाजूंचे मित्र यावरून माझ्यावर नाराज आहेत. स्वतःच्या नावाने कोणीही काहीही लिहावं, सही स्वतःची. २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर जो दहशतवादी हल्ला झाला त्यानंतर मुंबईत आपल्या दारावर पोलीस असतात, आपण बोलतो ते फक्त आपल्यावर नाही, त्या दारातून आत येणाऱ्या म्हाताऱ्यांवरही येतं.

काही वाक्यं मात्र सरळ बंद करा. "मग तिकडेच जाऊन राहा ना." "तिकडे जमलं नाही म्हणून आला." "पैशासाठी गेले." अलिया करून, म्हणजे इस्राएलला कायमचा राहायला, गेलेला माणूस काय विचार करून गेला हे त्याच्या घराला माहीत. एक लक्षात घ्या, भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, तिकडचं घेतलं की इथला पासपोर्ट जातो, म्हणजे एकाच आईची दोन मुलं दोन देशांची नागरिक होतात आणि आईच्या पुण्यतिथीला येणारा मुलगा कागदावर परदेशी असतो. त्याला तू कोणाच्या बाजूचा असं विचारणं क्रूर आहे. तसंच "आधी भारतीय का आधी ज्यू" हा प्रश्न बाहेरच्याने विचारला तर समजू शकतो, आपण आपल्याच पोरांना विचारू नये. मोठी माणसं म्हणतात भारत मातृभूमी, इस्राएल पितृभूमी. छान आहे, माझे वडीलही म्हणायचे. पण तेवढ्यावर तरुणांना गप्प बसवू नका, आई-वडिलांचं पटत नसेल तेव्हा मुलाने काय करायचं हा त्यांचा प्रश्न असतो आणि तो खरा आहे.

शेजाऱ्यांबद्दल जरा जास्त लिहितो. कोकणात, अलिबाग, रेवदंडा, मुरूडला आपली आणि मुसलमानांची घरं पिढ्यान्पिढ्या जवळ, सिनेगॉगला आपली जुनी माणसं मशीदच म्हणायची, मशीद बंदर स्टेशनचं नाव १७९६ ला सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेल्या आपल्या पहिल्या सिनेगॉगवरून आलं असं आपण सांगतो. माझगावच्या आपल्या सर एली कदूरी शाळेत आज बहुतेक मुलं मुसलमानांची. तेव्हा कोणी शेजारी जिन्यात थांबवून विचारतो "तुमच्या देशाने हे काय चालवलंय", तेव्हा दोन चुका होतात. एक जण तिथल्या तिथे वकिली सुरू करतो, दुसरा घाबरून म्हणतो माझा काही संबंध नाही, आणि घरी येऊन स्वतःवर चिडतो कारण संबंध आहे, बहीण आहे तिकडे. मी आता एवढंच म्हणतो: माझा देश हा आहे, माझी बहीण तिकडे आहे, मला तिची भीती वाटते आणि तुम्ही टीव्हीवर जी लहान मुलं बघताय ती मीही बघतो. हे सगळं खरं आहे म्हणून ते म्हणता येतं. त्यापुढे तो चहा प्यायला आत आला तर चांगलं, नाही आला तर दुसऱ्या दिवशी आपण जायचं. आणि मुलांना हे आधी शिकवून ठेवा, शाळेत त्यांना कोणी विचारलं की ती एकटी असतात.

आता तुटलेलं कसं जोडायचं. बिरड्याचा सण आपल्याला माहीत आहे, यरुशालेमचं मंदिर पडलं त्याचा उपास, आणि जेवणात वालाचं बिरडं म्हणून नाव बिरड्याचा सण. इतकी जुनी दुखवट्याची तारीख आणि त्यात आपल्या कोकणातले कडवे वाल, मला यात आपला सगळा समाज दिसतो. तालमूद या आपल्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात विचारलंय दुसऱ्यांदा बांधलेलं मंदिर का पडलं, लोक तोरा शिकत होते, चांगली कामं करत होते, मग का, तर विनाकारण द्वेषामुळे. आणि त्याला जोडून बार काम्त्साची गोष्ट आहे. एकाने मेजवानीला मित्र काम्त्साला बोलावलं, नोकर चुकून शत्रू बार काम्त्साला घेऊन आला. यजमान म्हणाला ऊठ. तो म्हणाला मला लाजवू नका, माझ्या जेवणाचे पैसे देतो, अर्ध्या मेजवानीचे देतो, सगळ्या मेजवानीचे देतो. यजमानाने हात धरून बाहेर काढला. आणि बार काम्त्साला सगळ्यात जास्त लागलं ते हे की रब्बी, म्हणजे धर्मगुरू, तिथे बसलेले होते आणि कोणी एक शब्द बोललं नाही. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलोय, पण त्या नोव्हेंबरनंतर पुन्हा वाचली तेव्हा मला कळलं मी तिथे कुठे बसलो होतो, सरबताचा ग्लास घेऊन.

म्हणून जो गप्प बसला त्याने आधी जायचं. भांडणाऱ्या दोघांची वाट बघू नका. निरोप पाठवू नका, फोन नको, घरी जा, आणि संध्याकाळी जा, जेव्हा माणूस निवांत असतो. "तुझं म्हणणं बरोबर होतं" असं खोटं म्हणायची गरज नाही. मी पहिल्याच्या घरी गेलो, म्हणालो, त्याने तुला "इथे येतोस कशाला" म्हटलं तेव्हा मी त्याला थांबवायला हवं होतं, ते माझं चुकलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला पाणी घेणार का. दारफाळणीच्या, म्हणजे किप्पूर या क्षमा मागायच्या उपासाच्या दिवसाच्या आधी तर हे करायलाच हवं, माणसाने माणसाचं केलेलं नुकसान किप्पूर धुऊन काढत नाही, त्या माणसाला जाऊन विचारल्याशिवाय. पण किप्पूरपर्यंत थांबायचं कशाला.

दुसऱ्याकडेही गेलो. तो म्हणाला माझा भाचा सुखरूप आहे आता, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दोघांना समोरासमोर आणताना चर्चा ठेवू नका, मलिदा ठेवा. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाच्या नावाचं, ताट, पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, फळं, ते कालवायला आणि वाटायला हात लागतात, आणि हाताला काम असलं की माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. त्यांचं मत आजही एक झालेलं नाही, गाझावर तर अजिबात नाही, आणि आम्ही ते एक करायला गेलो नाही.

आणि जो परत येतो त्याच्यासाठी स्वागताचं भाषण, टाळ्या असलं काही करू नका, त्याला अवघडल्यासारखं होतं. त्याची जागा रिकामी ठेवा, तिथे दुसरं कोणी बसलेलं असेल तर आधीच हळूच सांगून ठेवा. आणि त्या दिवशी हेखालचा पडदा उघडायचा मान त्याला द्या.